दोन्ही बाजूंचे एकच बाकडे

मित्रांनो, मी एक जुने बाकडे आहे. फौजदारी न्यायालयाच्या दाराबाहेर भिंतीला पाठ लावून मी कित्येक वर्षे काढली. तुमची माझी ओळख नसेल तर फारच चांगले. बागेतल्या बाकड्याचे आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिले असेल. त्यात पाखरे असतात, फुले असतात, आजोबांच्या गप्पा असतात. माझ्याकडे त्यातले काहीही नाही. माझ्यावर हौसेने कधी कोणी बसले नाही.

मी जन्माने बाकडेही नव्हते. आधी मी एका गोदामाचे दार होते. गोदाम पाडले तेव्हा न्यायालयाच्या सुताराने मला भंगारातून उचलले, कापले, रंधा मारला आणि चार पाय ठोकले. कुलूप होते तिथे एक भोक राहिले. उद्या बुजवतो, असे तो म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही, आणि पुढे न्यायालयाच्या तारखा पाहिल्यावर मला सुताराचा रागही आला नाही. भोकासकट मी दाराबाहेर रुजू झाले. पुकारा करणारा शिपाई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, की हे बाकडे आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. माझ्या वाट्याला आलेले कौतुक एवढेच.

खरे तर दोन बाकडी मंजूर झाली होती. एक फिर्यादीच्या बाजूसाठी, एक आरोपीच्या. दुसरे एका साहेबांच्या व्हरांड्यात गेले ते परत आले नाही. त्यामुळे मी एकटेच दोन्ही बाजूंचे झाले. ज्याचे घर फुटले तो, आणि ज्याच्यावर घर फोडल्याचा आळ आहे त्याची आई, दोघे माझ्यावर खांद्याला खांदा लावून बसत. साक्षीदारांना तर पुकारा होईपर्यंत आत बसायची मुभाच नसते. तेही माझ्यावरच. माणसे शेजारी बसली की बोलतात. त्यांना तरी काय माहीत, की या दाराबाहेर बोलण्याइतके घातक दुसरे काही नाही!

माझ्यावर बसणाऱ्यांकडून मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात सापडायचे नाही. जामीन मिळाला की लोक पेढे वाटायच्या बेतात असत. जामीन म्हणजे सुटका नव्हे, दोरी जराशी सैल केली एवढेच, हे त्यांना वकील सांगून सांगून थकत. तारखेला उशिरा आलेला माणूस आत शिरण्याआधीच त्याच्या नावाचे वॉरंट निघालेले मी पाहिले आहे. बस चुकली, हे त्याचे म्हणणे खरे होते. आणि सगळ्यात जास्त बुडाले ते पोलीस चौकीत समजावून सांगायला गेलेले. आपण काही केले नाही, मग घाबरायचे कशाला, असे म्हणून ते बोलत सुटले आणि स्वतःच्याच शब्दांत गुरफटले.

असाच एक कुलूपवाला होता. नवी कुलपे बसवायची, अडकलेली उघडून द्यायची, हा त्याचा धंदा. एका घराला त्याने नवे कुलूप बसवले, आणि थोड्याच दिवसांत त्या घरात चोरी झाली. कुलूप फोडलेले नव्हते, व्यवस्थित उघडलेले होते. इमारतीच्या वॉचमनने पोलिसांना सांगितले, की त्या संध्याकाळी कुलूपवाला जिना चढताना दिसला. पोलिसांनी त्याला बोलावले आणि सहज विचारले, हे कुलूप तुला किल्लीशिवाय उघडता येईल का? आता हे म्हणजे आचाऱ्याला चहा येतो का विचारण्यासारखे झाले. गडी फुशारला. मला उघडता येणार नाही असे कुलूपच नाही, म्हणाला. ते वाक्य जबाबात जसेच्या तसे उतरले.

त्याची थोरली बहीण शिवणकाम करायची. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते, आणि न्यायालयात त्याला जामीनही तीच राहिली. सगळे तिला ताईच म्हणत. पहिल्याच तारखेला त्यांच्या वकीलबाई माझ्यावर बसल्या आणि त्यांनी दोघांना समोर उभे करून सुनावले. तू चोरी केलीस का, असे त्यांनी विचारलेच नाही. तू कोणाकोणाशी काय काय बोललास, एवढेच विचारले. मग ताईकडे वळल्या.

"ताई, जामिनाची एक अट आहे. साक्षीदाराशी याने बोलायचं नाही, आणि याच्या वतीने कुणीही बोलायचं नाही. या बाकड्यावर तर हवापाण्याच्या गप्पासुद्धा नकोत. कळलं?"

ताईने मान हलवली. कुलूपवाल्याचे लक्ष नव्हते. त्याला माझे भोक सापडले होते. त्यात बोट घालून त्याने ते आतून चाचपले आणि ताईला म्हणाला, की इथे एके काळी चांगले दणकट कुलूप होते, हे मुळात दार असणार. इतक्या वर्षांत माझ्यावर शेकडो शहाणी माणसे बसून गेली, पण मी पूर्वी कोण होते हे फक्त त्याने ओळखले. तेव्हापासून तो माझा झाला. त्याने चोरी केली की नाही, हे मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हते. माझ्यावर जे बोलले गेले तेवढेच मी सांगू शकते, आणि त्यात मी एका अक्षराची भर घालणार नाही.

त्याच्यासाठी हा खटला म्हणजे नुसत्या तुरुंगाचा प्रश्न नव्हता. लोक डोळे झाकून घर ज्याच्या हवाली करतात तो कुलूपवाला. एकदा चोर ठरला, की त्याला कोण उंबऱ्याच्या आत घेणार? आळ आल्यापासूनच त्याचे दुकान ओस पडले होते. निर्दोष सुटलो तर उघडेन, असे तो ताईला म्हणायचा.

मग वॉचमनच्या साक्षीचा दिवस आला. वकीलबाईंची तयारी जय्यत होती. जिन्यातला दिवा त्या महिन्यात बंद होता, वॉचमनच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो बसायचा तिथून जिना चढणाऱ्याची फक्त पाठ दिसते, हे सगळे त्यांनी शोधून काढले होते. उलटतपासणीत एकेक प्रश्न विचारून त्या हे त्याच्याच तोंडून काढणार होत्या. सकाळी त्या कुलूपवाल्याला घेऊन आत गेल्या. ताई एकटी माझ्यावर राहिली. तेवढ्यात वॉचमन आला आणि बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून तिच्या शेजारी टेकला.

म्हातारा जिने चढून आला होता. त्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ताईने थोडा वेळ दुसरीकडे बघितले. खरेच बघितले, मी सांगते. मग तिला राहवले नाही. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढे धरली. तो पाणी प्यायला. डोळे पुसले. आणि कोणी काही विचारले नसताना खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, मला रात्र रात्र झोप नाही. मी पाठच बघितली होती. तोंड नाही बघितलं."

आता तिने काय करायला हवे होते? उठून जायला हवे होते. वकीलबाईंना बोलावून आणायला हवे होते, नाहीतर सरळ बहिऱ्याचे सोंग घ्यायला हवे होते. पण ज्या भावाला तिने भरवून मोठे केले त्याच्या सुटकेची वाट त्या माणसाच्या ओठांवर आली होती. ती म्हणाली, "काका, जे बघितलंत तेवढंच सांगा."

बस. याहून एक शब्द जास्त नाही. पण चोरी झालेल्या घराचा मालक त्याच वेळी जिना चढून येत होता, आणि त्याला दिसली ती आरोपीची बहीण, सरकारी साक्षीदार आणि दोघांमधली पाण्याची बाटली. तो सरळ आत गेला आणि सरकारी वकिलांच्या कानाशी लागला.

न्यायालयाचे दार उघडे असे, त्यामुळे मला आतले सगळे ऐकू यायचे. वॉचमनने सांगितले, की मी पाठ पाहिली, तोंड पाहिले नाही. माझ्या फळीवर ताईचे दोन्ही हात होते, ते सैल पडले. तिला वाटले, भाऊ सुटला. मग सरकारी वकील उठले. पोलिसांना तू वेगळे सांगितले होतेस, आज हे कुठून आले? बाहेर तुझ्या शेजारी कोण बसले होते? तिने पाणी दिले की नाही? आणि ती काय म्हणाली?

वॉचमनच्या समोर घरमालक बसला होता. तो त्या इमारतीचा कारभारी होता आणि म्हाताऱ्याची नोकरी त्याच्या हातात होती. म्हाताऱ्याचा आवाज आला, "म्हणाल्या, तेवढंच सांगा."

मित्रांनो, तो खोटे बोलला नाही. त्याने फक्त आधीचे दोन शब्द गाळले. वकीलबाईंनी पुन्हा पुन्हा विचारले, त्याआधी त्या काय म्हणाल्या, नीट आठवा. आता आठवत नाही, म्हणाला. ताई दारात जाऊन सांगू लागली, तेव्हा तिला गप्प बसायला सांगितले गेले. आणि मला कोण विचारणार? ते शब्द ऐकणारा तिसरा साक्षीदार मीच होते. माझ्या अंगावर, माझ्या भोकापासून हातभर अंतरावर ते बोलले गेले. पण लाकडाला शपथ देत नाहीत.

न्यायाधीश वाईट नव्हते. त्यांच्यापुढे जे आले त्यावरून त्यांनी ठरवले. साक्षीदार पढवला गेला, तो फितूर झाला, अट मोडली, जामीन रद्द. त्या मिनिटाला कुलूपवाला पोलिसांच्या ताब्यात गेला. माझ्यासमोरून त्याला नेले तेव्हा तो ताईला एवढेच म्हणाला, की दुकानाच्या कुलपात तेल घालत जा, नाहीतर गंजेल. पोलीस त्याला जिन्याने खाली घेऊन गेले.

वकीलबाई बाहेर येऊन माझ्यावर बसल्या. त्या चिडतील असे मला वाटले होते. त्या नुसत्या थकल्या होत्या.

"तो हेच बोलणार होता, ताई. मी विचारलं असतं तर ते खरं ठरलं असतं. तुम्ही पाणी दिलंत, म्हणून खोटं ठरलं."

ताई रडली नाही. तहानलेल्याला पाणी द्यायचे नाही का, एवढे तिने विचारले. वकीलबाई फाईल बांधू लागल्या. याचे उत्तर त्यांच्या वकिलीत शिकवलेले नसावे.

पुढे निकाल लागला. म्हाताऱ्याने पाहिलेली पाठ कोणी हिशेबात धरली नाही. धरले ते हे, की कुलूप कुलूपवाल्यानेच बसवले होते, आणि आपल्याला उघडता येणार नाही असे कुलूपच नाही, असे तो स्वतः म्हणाला होता. शिक्षा झाली. अपील वरच्या न्यायालयात पडून आहे. त्याची सुनावणी कधी येईल, हे वकीलबाईंनाही सांगता येत नाही.

माझेही दिवस फिरले. मला पुसणारा शिपाई निवृत्त झाला. दाराबाहेर लोखंडी खुर्च्या आल्या. एकमेकींना जोडलेल्या, मध्ये दांडा असलेल्या. मला उचलून मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ टाकले. माझा एक पाय डुगडुगतो, कडेला बुरशी आली आहे, पावसाचे पाणी भोकात साचते. मला आता वाळवीचीही भीती वाटत नाही. माझ्यात जे होते ते ऐकायला कोणी आलेच नाही, मग वाळवीने खाल्ले तर बिघडले कुठे?

परवा ताई आली. अपिलाच्या कामासाठी वकीलबाईंना भेटायचे होते, त्या आत कामात होत्या. खुर्च्यांवर माणसे होती, म्हणून ती मागे आली असावी. माझ्यावर बसली, आणि हात भोकावर गेला तशी थबकली. तिने मला ओळखले. भावाने घातले होते तसेच बोट घातले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

मग एक म्हातारी येऊन दुसऱ्या टोकाला बसली. कुठल्या खटल्यातली, कोणाची कोण, काही कळायला मार्ग नव्हता. उन्हातून आली होती, तिला धाप लागली होती. ताईने पिशवी घट्ट धरली आणि भिंतीकडे तोंड फिरवले. म्हातारी धापा टाकत राहिली. शेवटी ताईने बाटली काढली, माझ्यावर मधोमध ठेवली आणि उठून लांब टाकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. म्हातारी पाणी प्यायली, तिला आशीर्वाद दिला, बाई तुझी कसली गं केस, असे मायेने विचारले. ताईने मागे वळून पाहिले नाही. बाटली घ्यायलाही ती परत आली नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, माझा पाय ठोका, असे मी सांगणार नाही. तुमच्या घरातल्या कोणावर अशी वेळ आली, तर चौकीत वकील येईपर्यंत गप्प राहा, आणि न्यायालयाच्या दाराबाहेर साक्षीदार तहानेने तडफडत असला तरी त्याच्याशी बोलू नका. ताई हे शिकली आहे. तुम्हीही शिका. माझा उपदेश एवढाच आहे, आणि तो देताना मला लाज वाटते.