माझा आवाज आत, मी बाहेर

मी एक जुना ढोल आहे. माझ्या एका तोंडाचं कातडं जुनं आहे आणि दुसऱ्या तोंडाचं नवं. नवं का, ते ओघाने येईलच. मित्रांनो, मी आतून पोकळ आहे म्हणून आजवर पुष्कळांनी माझी चेष्टा केली. त्याचं मला काही वाटत नाही. पण माझ्या आवाजाने कुणीतरी खोटं बोललं आणि ते मला अजून पचलेलं नाही. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

मला एका सुताराने घडवलं. त्याला लाकडाच्या भुशाने शिंका यायच्या आणि धंदा मात्र लाकडाचाच, त्यामुळे माझा जन्म शिंकांच्या गजरात झाला. त्याने माझ्या दोन्ही तोंडांवर कातडं ताणून बसवलं, दोर आवळले आणि उचलण्यासाठी बाजूंना लोखंडी कड्या ठोकल्या. त्यातली डावी कडी पहिल्या दिवसापासून सैल राहिली. मला वाजवलं की ठोक्यामागून ती बारीक किणकिणते. सुताराने ती दुरुस्त करतो म्हटलं आणि विसरून गेला. तुम्ही मात्र ती कडी लक्षात ठेवा.

मला एका शाळेच्या बँडपथकाने विकत घेतलं. मुलांनी मला मनसोक्त बडवलं आणि मीही मनसोक्त गरजलो. पुढे शाळेत चकचकीत, हलके नवे ढोल आले. हेडमास्तर शिपायाला म्हणाले, "हे धूड फेकून दे." शिपाई "बरं" म्हणाला आणि मला सरळ आपल्या घरी घेऊन गेला. तोच माझा पहिला खरा माणूस. आता त्याला सगळे आजोबा म्हणतात.

आजोबांच्या मुलाची बेकरी आहे. बेकरीच्या मागची गल्ली ओलांडली की फुटबॉलचं मैदान लागतं, म्हणून बापलेक लहानपणापासून तिथे खेळणाऱ्या आमच्या क्लबचे वेडे. स्वस्त तिकिटांच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये, खांबाशेजारी, त्यांची जागा ठरलेली असे. मग मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पीठ मळून मळून बेकरीवाल्याचे खांदे असे भरलेले होते की त्याचा ठोका पार समोरच्या स्टँडपर्यंत पोचे. लोक मला 'बारावा खेळाडू' म्हणायचे. मी फुगायचो, खोटं कशाला सांगू.

मग काचबिंदूने आजोबांची नजर हळूहळू गेली. आधी चेंडू दिसेनासा झाला, मग माणसं, मग मैदानाचा हिरवा रंगसुद्धा. ते म्हणाले, "आता मी कशाला येऊ? उगीच जागा अडवायला?" पुढच्या सामन्याला बेकरीवाला त्यांना हाताला धरून घेऊन गेला आणि मला वेगळ्याच तऱ्हेने वाजवू लागला. चेंडू आपल्या गोलजवळ आला की एकेक जड ठोका. मैदानाच्या मध्यात असला की जोडठोके. समोरच्यांच्या गोलपाशी गेला की सलग गडगडाट. आजोबांना दोन मिनिटांत उमगलं. गडगडाट सुरू झाला तसे ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "घाला रे, घाला!"

आमच्या खेळाडूंनी तेव्हा चेंडू गोलच्या खांबावर मारला, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून आजोबा सामना माझ्यातून बघू लागले. स्टँडमधल्या लोकांना वाटायचं, हा ढोल आपल्याला चेव आणण्यासाठी वाजतो. खरी गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती. माझ्या आयुष्यात मला याहून मोठा मान मिळालेला नाही.

अशात क्लबला नवा मालक आला. एक दिवस तो स्वतः बेकरीत आला. उभ्या उभ्या बन खाल्ला, वाखाणला, आजोबांच्या पाया पडला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा ढोल म्हणजे क्लबचा प्राण आहे." त्याच्याबरोबर कानांवर हेडफोन चढवलेला एक माणूस होता. "याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवू या," मालक म्हणाला, "आठवण म्हणून." बेकरीवाला हरखून गेला. त्याने हात धुतले, स्वच्छ शर्ट घातला आणि जीव ओतून मला वाजवलं. जड ठोके, जोडठोके, गडगडाट, सगळं. मालक जाताना सांगून गेला, "आणि पोरांच्या सरावाच्या मैदानाला मी हात लावणार नाही. हा माझा शब्द." आम्ही त्या शब्दावर भाळलो.

सरावाचं मैदान म्हणजे स्टेडियमला लागून असलेली मोकळी जागा. वस्तीतली मुलंमुली तिथे फुकट खेळायची. क्लबचे निम्मे खेळाडू तिथूनच वर आले होते. पुढच्या हंगामाच्या तोंडावर एका सकाळी तिथे पत्रे ठोकलेले दिसले. जागा विकली होती आणि तिथे गाड्यांसाठी बहुमजली पार्किंग उभं राहणार होतं. मुलांचे चेंडू पत्र्याच्या आतच राहिले होते.

त्या संध्याकाळी बेकरीचं शटर अर्धं ओढून स्टँडमधली मंडळी आत जमली. मिळेल त्या पोत्यावर, डब्यावर बसली. सगळ्यात तावातावाने बोलत होता तो रंगारी. घरांना रंग देणारा हा माणूस बेकरीवाल्याचा लहानपणापासूनचा जिगरी दोस्त. मला स्टँडपर्यंत उचलून नेताना एक कडी याच्या हातात असायची.

"सामन्याला एकानेही आत पाऊल टाकायचं नाही," रंगारी म्हणाला. "खुर्च्या रिकाम्या दिसल्या ना, की त्याचं तोंड कसं उतरतं ते बघा."

"आणि खेळणाऱ्या पोरांचं काय?" मावशींनी विचारलं. त्या कपडे शिवायच्या आणि क्लबचे झेंडेही त्यांच्याच हातचे. "ती आपलीच पोरं आहेत. त्यांनी कुणाचं घोडं मारलंय? त्यांनी खुर्च्यांकडे बघून खेळायचं?"

"मावशी, आपण आत जाऊन ओरडतो, त्याच ओरडण्यावर तो जागा विकतो. हे बघा केवढी गर्दी, हे बघा केवढं प्रेम, असं दाखवून."

"अरे, पण घर सोडलं की घर त्याचंच होतं ना पुरतं!"

बराच वेळ असंच चाललं. कुणी म्हणालं आत जाऊन पाठ फिरवून बसू, कुणी म्हणालं पहिला अर्धा भाग बाहेर थांबू. मला सगळ्यांचंच पटत होतं, आणि ढोलाला हात वर करता येत नाही हे एका परीने बरंच आहे. शेवटी आजोबा बोलले.

"तुम्ही डोळस माणसं. तुम्ही घरी बसून टीव्हीवर बघाल. मी काय करू? आत गेलो तरच मला सामना आहे. अजून किती हंगाम आहेत माझ्याकडे?"

मग ज्यांना बाहेर थांबायचंय त्यांना रंगाऱ्याने हात वर करायला सांगितलं आणि बहुतेक हात वर गेले. बेकरीवाल्याचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला आणि तो वर असेपर्यंत त्याने बापाकडे पाहिलं नाही. आजोबांना दिसत नव्हतं, तरीही.

"बाबा, मी येणार नाही. ढोलही येणार नाही," तो म्हणाला.

"नको येऊस. मी नुसता बसेन. माणसांच्या आवाजावरून काय कळेल ते कळेल."

"आजोबांना मी आत बसवून येते," मावशी म्हणाल्या. "मग बाहेर तुमच्यात उभी राहीन. पण मला हे पटलेलं नाही, सांगून ठेवते."

सामन्याच्या दिवशी सगळे मुख्य दरवाजासमोर गप्प उभे राहिले. बेकरीवाला मात्र गेला नाही. बाप आत आणि आपण बाहेर असं उभं राहणं त्याच्याच्याने होईना. ऑर्डर आहे असं सांगून तो पीठ मळत राहिला. मी मैद्याच्या पोत्यांवर पडून होतो. सामना असून घरी बसण्याची ही माझी पहिलीच खेप, त्यामुळे मी जरा रुसलोही होतो.

आणि मैदानातून ढोल वाजू लागला.

मला आधी रागच आला. कोण हा उपटसुंभ? मग ठोक्यामागची किणकिण ऐकू आली. सैल कडीची. मित्रांनो, तो मीच होतो. तेच खांदे, तोच ठोका, फक्त लाउडस्पीकरमुळे दसपट मोठा. बेकरीवाल्याचे हात पिठात थांबले. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि क्षणभर त्याच्या नजरेत माझ्याबद्दल संशय होता. मला तो फार लागला.

थोड्या वेळाने आवाज बंद पडला. तेवढ्यात शटर धाडकन वर गेलं. रंगारी आत आला, त्याच्या मागे आणखी चारपाच जण.

"मागच्या दाराने गेलास?" तो दारातूनच ओरडला. "आम्ही तिथे तोंडाला कुलूप लावून उभे, आणि तू आत जाऊन त्याच्यासाठी वाजवतोस? आणि आता गल्लीतून पळत येऊन पीठ मळायचं नाटक?"

"मी इथून हललो नाही रे."

"मग तो काय ढोल नव्हता? इतकी वर्षं ऐकतोय मी. मला फसवतोस?"

"अरे, ऐकून तर घे..."

रंगाऱ्याने ऐकलं नाही. त्याने मला लाथ घातली. त्याचा बूट माझ्या कातड्यातून आरपार आत गेला. जन्मभर मार खाल्लेल्या मला मार म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

त्याचा पाय अजून माझ्यातच अडकलेला होता आणि मैदानातून पुन्हा आवाज आला. गडगडाट. सलग, लांबलचक, जीव ओतून वाजवलेला. मागून कडी किणकिणत होती. मी तर इथे बेकरीच्या जमिनीवर फाटून पडलो होतो.

रंगाऱ्याने हळूच पाय बाहेर काढला. बेकरीवाला एवढंच म्हणाला, "आठवण म्हणून हा आवाज घेतला होता मालकाने."

सामना संपल्यावर मावशी आजोबांना घेऊन आल्या. आजोबांचा चेहरा उतरलेला होता. आत काय घडलं ते मावशींनी दरवाजावरच्या माणसाकडून ऐकलं होतं. ओस पडलेल्या स्टँडमध्ये आजोबा एकटे बसले होते. गडगडाट सुरू झाला तसे ते उठले, दोन्ही हात वर केले आणि ओरडू लागले, "घाला रे, घाला!" चेंडू त्या वेळी आपल्याच गोलपाशी होता. समोरच्यांनी गोल केला. आजोबा हात वर करून नाचत होते. कॅमेऱ्याने त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवलं आणि मालकाच्या खास पाहुण्यांत हशा पिकला.

आजोबा मुलाच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "तू आलास म्हणून केवढा आनंद झाला होता मला. मग मलाच का रे खोटं वाजवलंस?"

"बाबा, मी नव्हतो."

"तुझा हात मी ओळखत नाही होय?"

बेकरीवाल्याने पिठाच्या हातांनी त्यांचा हात धरला आणि माझ्यावर ठेवला. आजोबांची बोटं कडेने फिरली, दोरावरून गेली आणि भोकात शिरली. ती तिथेच थांबली. मग ते रडू लागले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

बेकरीवाला दुसऱ्या दिवशी क्लबच्या ऑफिसात गेला. तिथल्या टेबलामागच्या माणसाने त्याला बसायलाही न सांगता ऐकवलं, "तुम्हीच तर रेकॉर्ड करू दिलंत. खुशीने." तो परत आला आणि भट्टीपाशी बसून राहिला.

आता स्टेडियमबाहेर सामन्याच्या दिवशी आजोबाही उभे राहतात. बहिष्काराने काय होणार, हा वाद अजून संपलेला नाही. मावशींना तो अजून पटलेला नाही, पण त्या येतात. मालकाचं तोंड उतरलेलं मी तरी पाहिलं नाही. पार्किंगचे दोन मजले चढले. रंगाऱ्याने माझं नवं कातडं आणलं, स्वतः बसून ताणलं आणि जाताना मान खाली घालून म्हणाला, "चुकलो." बेकरीवाल्याने त्याला चहा दिला. दोघं बोलतात, पण मला उचलताना दुसरी कडी आता मावशी धरतात.

मैदान गेलेली मुलं हल्ली एका गोदामामागच्या खडबडीत जागेत खेळतात. आम्ही तिथे जातो. मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाचा आवाज घेतलात, तर तो कशासाठी वापरणार ते त्याला खरं सांगा. आणि आपल्या माणसाबद्दल भलतंसलतं कानावर आलं, तर लाथ उचलण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या. फाटलेलं कातडं बदलून मिळतं, पण सगळंच मिळत नाही.

कारण परवा मुलांचा सामना रंगात आला होता. एक मुलगी चेंडू घेऊन थेट समोरच्या गोलपाशी पोचली आणि बेकरीवाल्याने माझ्यावर गडगडाट केला, खराखुरा, अगदी वेळेवर. आजोबा उठले नाहीत. त्यांनी आधी हात पुढे केला, चाचपडत मला शोधलं आणि थरथरणाऱ्या कातड्यावर तळवा टेकवून विचारलं, "तूच आहेस ना रे?"

मी जिवाच्या आकांताने वाजलो. तोवर गोल होऊन गेला होता.