पिशवीतली घंटा

वळण आलं तशी सुनेने पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि घसा खरवडून ओरडली, "आम्ही येतोय होऽऽ! बाजूला व्हा!"

पुढच्या झुडपात काही हललं नाही. मागून येणारा सासरा काठी टेकून उभा राहिला. ओरडणं हे खरं तर त्याचं काम. डोंगरावर त्याला सगळे भोंगा म्हणत. जन्मभर लोकांना वाट दाखवली आणि वाटभर तोंडाचा पट्टा चालू ठेवला. अस्वल आपण होऊन माणसाच्या वाटेला जात नाही. वळणावर एकदम छातीशी माणूस आला की ते बिथरतं. म्हणून बोलत राहायचं, एवढीच त्याची विद्या. पण पोरगा गेला आणि भोंग्याने तोंडाला कुलूप लावलं.

"मामंजी, तुम्हीही ओरडा की. माझा आवाज किती पुरणार?"

"चाल तू. तुझ्या नवऱ्याने नेलीच नव्हती ती घंटा सापडणार कुठून?"

हे लॉजच्या मालकाचं म्हणणं. प्रेताजवळ घंटा नव्हती. मालकाने सगळ्यांदेखत डोळे पुसत सांगितलं होतं की हा घंटा न घेताच पाहुण्यांना वर घेऊन गेला, अस्वल दिसल्याबरोबर त्यांना टाकून पळाला, आणि पळणाऱ्याच्या मागे ते लागलं. पाहुणे दुसऱ्याच दिवशी सामान बांधून निघून गेले होते, विचारणार कोणाला? सासऱ्याने ते निमूटपणे ऐकलं. तेव्हापासून 'माझा पोरगा' हे शब्द त्याने टाकले. आता तो 'तुझा नवरा' झाला होता.

"तुझ्या नवऱ्याला नीट चालता येत नव्हतं तेव्हापासून शिकवत होतो," चढावर तो फणफणला. "पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचं. एवढं साधं!"

"तुम्हाला खरंच वाटतं, हे पळाले?"

"मालक खोटं कशाला बोलेल?"

सुनेने दगडाला ठोकर मारली. कशाला बोलेल! याच मालकाने आधी वाटेवरची गाणी बंद केली, पाहुण्यांना शांतता हवी म्हणून. मग मोठ्याने बोलणं बंद केलं. मग म्हाताऱ्यालाच घरी बसवलं, त्याच्या आवाजाने पाखरं उडतात म्हणे. आणि एकेका वाटाड्याच्या हातात एकेक पितळी घंटा दिली, पाळण्यावर टांगावी एवढीशी. तरी ते बरंच म्हणायचं. काहीतरी वाजत तर होतं.

ओढ्याजवळच्या वळणावर दोघं थांबली. तिचा नवरा इथेच सापडला होता. पाणी खडकावर आदळत होतं. शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये एवढा गोंगाट. डोंगरातली सगळ्यात वाईट जागा हीच. ना माणसाला अस्वलाची चाहूल, ना अस्वलाला माणसाची.

सून गुडघ्यांवर बसली आणि काट्यांत हात घालत पुढे सरकली. मनगटं ओरबाडून निघाली. झुडपाच्या बुडाशी काहीतरी करडं, भिजलेलं पडलं होतं. तिने ते ओढून काढलं. जाड लोकरी कापडाची मुठीएवढी पिशवी, तोंडाशी नाडी, नाडीला गाठ. आत काहीतरी जड.

तिने ते हलवलं. उशीवर बोट आपटावं तसं झालं, बस.

पिशवीची शिलाई हिरव्या दोऱ्याची होती. करडा दोरा संपला होता तेव्हा. शेवटच्या थोड्या पिशव्या तिने हिरव्यावर भागवल्या होत्या.

मालकाने घरी येऊन काम दिलं होतं. खोल्यांमधल्या साबणाच्या वड्या ठेवायला पिशव्या हव्यात, म्हणाला. ती मशीनवर बसल्या बसल्या नवऱ्याला म्हणाली होती, "एवढं जाड कापड? साबणाला थंडी वाजते की काय?" तो हसला नव्हता. एरवी तिच्या कसल्याही बोलण्यावर खिदळणारा माणूस. खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे एकेक वेचत बसला. नंतर मान वर न करता म्हणाला, "पाहुण्यांना अस्वल जवळून बघायचं असतं." तिला वाटलं, हा विषय बदलतोय.

नाडीची गाठ भिजून दगड झाली होती. तिच्याखालची शिलाई चघळलेली होती. बारीक, एकाशेजारी एक दातांच्या खुणा. अस्वलाचे दात असे नसतात.

शिलाई उसवली नव्हती. कापड फाटेल पण तुझा टाका निघणार नाही, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

"काय आहे ते?" सासऱ्याने विचारलं.

तिने पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने ती हलवली. कानाशी नेऊन पुन्हा हलवली. दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग अंगठा हिरव्या दोऱ्यावर थांबला. त्याची नजर आपल्या सदऱ्याच्या खिशाकडे गेली. खिसा उसवला होता, तो तिने महिन्यापूर्वी त्याच दोऱ्याने शिवून दिला होता.

"साबणासाठी, असं मालक म्हणाला होता," ती म्हणाली. ओढ्याच्या आवाजात तिचं तिलाही ते नीट ऐकू आलं नाही.

म्हाताऱ्याने खिशावर हात ठेवला.

"पळणारा माणूस थांबून शिलाई चावत नाही," तो म्हणाला. "पाहुणे पळाले असतील. माझा पोरगा इथे उभा होता."

उतरताना प्रत्येक वळणावर तो ओरडला. गरज नव्हती तिथेही ओरडला. आवाज फाटला तरी ओरडत राहिला.

लॉजच्या ओसरीवर नवे पाहुणे बुटांच्या नाड्या बांधत होते. दाराशेजारी खुंट्यांवर घंटा ओळीने टांगल्या होत्या. प्रत्येकीला पिशवी, आणि प्रत्येक नाडी घट्ट बांधलेली. मालक तोंडावर बोट ठेवून लगबगीने पुढे आला.

"काका, हळू जरा. लोक दमून भागून येतात हो इथे." मग सुनेकडे वळून, मान एका बाजूला कलती करून, "वहिनी, काही लागलं तर सांगा. शिलाईचं काम मी तुमचं बंद होऊ देणार नाही. पिशव्या आणखी लागणारच आहेत."

 सून आत गेली आणि काउंटरवरची कात्री घेऊन बाहेर आली.

म्हाताऱ्याने हातातली पिशवी मालकाच्या नाकासमोर धरली आणि हलवली. जोरजोरात हलवली. बूट बांधणारे हात थांबले.

"ऐकू येतंय?"

मालकाने पिशवी ओळखली. त्याने पाहुण्यांकडे बघितलं, हसल्यासारखं केलं.

"काय ऐकू यायचंय, काका?"

"तेच," म्हातारा म्हणाला, आणि हलवत राहिला.

सून पायरीवर बसली. खुंटीवरची पहिली घंटा काढून तिने मांडीवर घेतली, पिशवी उलटून पाहिली आणि आपल्याच शिलाईत कात्री घातली.