एक लांब, दोन आखूड

“लांब वाजली की जिथे असशील तिथे पाय रोवायचे. पुढे नाही, मागे नाही. कळलं का गं, भिंगरे?”

चार वर्षांच्या लेकीला समजावणारा तो आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पत्र्याची एक पट्टी वळवून, डाग देऊन सांधून मला घडवलं आणि पोटात बुचाचा एक वाटाणा सोडला. तो वाटाणा नाचला की मी बोलते. श्वास मात्र नेहमी दुसऱ्याचा.

तो श्वास भिंगरीच्या बाबांचा. ते मालाच्या गोदामात ट्रक मागे घ्यायला वाट दाखवायचे. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे ‘येऊ दे’, एक लांब म्हणजे ‘जागच्या जागी थांब’. “तुझ्या शिट्टीवर डोळे मिटून गाडी मागे घेतो बघ,” असं ड्रायव्हर म्हणायचे आणि बाबा मला सदऱ्याच्या टोकाने पुसायचे. मी सुखावून जायचे.

एकदा डबा द्यायला आलेल्या आईचा हात सोडून भिंगरी मागे येणाऱ्या ट्रककडे धावली. मी जिवाच्या आकांताने लांब वाजले. ट्रक थांबला. भिंगरीही थांबली, घाबरून. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्याच संध्याकाळी बाबांनी तिला ते वाक्य शिकवलं. खेळता खेळता तिने ते इतकं गिरवलं, की मी लांब वाजले की तिचे पाय आपोआप थिजायचे. त्या दिवसाचा मला फार अभिमान होता. म्हणूनच पुढचं सांगताना मान खाली जाते.

भिंगरी दहा वर्षांची झाली आणि मुलींच्या फुटबॉल संघात गेली. बाबांना कोण आनंद! दर रविवारी ते मैदानाच्या कडेला हजर, आणि सवयीने मीही त्यांच्या गळ्यात. पहिले काही रविवार मी गप्प होते. बाबा मात्र गप्प नव्हते.

“अगं उजवीकडे! उजवा हात कुठला, तेही विसरलीस? पास दे! अहो पंच, चष्मा घरी राहिला का?”

घरी परतताना स्कूटरवर उलटतपासणी चालायची. तो चेंडू सुटलाच कसा? त्या उंच पोरीला घाबरलीस का? आधी भिंगरी उत्तरं द्यायची, मग नुसतं “हं” म्हणायची, मग तेही नाही. हळूहळू चेंडू पायाशी आला की ती आधी कडेला बघायला लागली.

संघाच्या कोचताई एकदा हळूच म्हणाल्या, “दादा, ती गोलपेक्षा जास्त तुमच्याकडे बघते.”

“अहो ताई, मी रोज दहा-दहा चाकांचे ट्रक सांभाळतो. ही तर दोन पायांची पोर!”

कोचताई हसल्या नाहीत. तेव्हाच मी दोऱ्यातून निसटून गवतात पडायला हवं होतं.

मग तो सामना आला. बरोबरी चालली होती, थोडीच मिनिटं उरली होती. भिंगरी चेंडू घेऊन एकटी पुढे निघाली. समोर फक्त गोलकीपर. मागून प्रतिस्पर्धी संघातली ती उंच पोरगी वेगाने धावत आली, आणि बाबांना काय दिसलं कोण जाणे. मागे येणारा ट्रकच दिसला असावा. हात छातीकडे गेला. मी वाजले. लांब.

भिंगरी थिजली.

उंच पोरगीही शिट्टी ऐकून बावरली, जोरात धडकली नाही, नुसती घासून गेली. चेंडू घरंगळत गोलकीपरच्या हातात गेला. पंचांनी खेळ थांबवला आणि बाबांना कुंपणाबाहेर जायला सांगितलं. तो गोल काही परत आला नाही. भिंगरीचा संघ सामना हरला.

“थांबलीस कशाला गं?” मैत्रिणींनी विचारलं.

“शिट्टी वाजली.”

“कुणाची?”

भिंगरीने कुंपणाकडे पाहिलं.

आणि मित्रांनो, स्कूटरवर बसताना बाबांनी पण तेच विचारलं, “अगं, हातातोंडाशी आलेला गोल! थांबलीस का?”

“तुम्हीच शिकवलंय ना, बाबा.”

त्यानंतर भिंगरीचे बूट पलंगाखाली गेले. दोन रविवार ते तिथेच. ज्या आवाजाने मी तिला वाचवलं होतं, त्याच आवाजाने तिचे पाय बांधले होते. श्वास माझा नव्हता, असं म्हणून मी सुटू शकते. पण आवाज तर माझाच होता.

तिसऱ्या शनिवारी भांडी घासता घासता आई एवढंच म्हणाली, “तिला तुम्ही ट्रक समजता का हो?”

बाबा पाटावरून उठले. मग पलंगाजवळ जाऊन म्हणाले, “चुकलंच माझं, भिंगरे. मी यायचंच बंद करू का?”

“या ना.” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “पण एकटे या.”

“एकटे म्हणजे?”

तिने वळून माझ्याकडे बोट दाखवलं. “आणि सांगायचं काही नाही. टाळ्या वाजवा. सगळ्यांसाठी वाजवा, त्या उंच मुलीसाठीसुद्धा. घरी येताना विचारायचं नाही. मला वाटलं तर मीच सांगेन.”

“कबूल.”

“व्रत घेतल्यासारखं पाळा हो,” आई आतून म्हणाली. “एका दिवसाचं मौन काही कामाचं नाही.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडे मागतात, आम्हाला पुसा, जपा, विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. मला गोदामात जरूर वाजवा, पण मैदानावर जाताना घरीच विसरा. तिथे मी काळी पडले तरी चालेल. आणि कडेला उभं राहून कुणी तुम्हालाही असं हाकत असेल, तर मनात ठेवू नका. भिंगरीसारखं हळूच सांगा. मोठ्यांनाही शिकायला वेळ लागतो.

आज रविवार. बाबांनी मला गळ्यातून काढून दारामागच्या खिळ्याला अडकवलं. सदरा नीट केला. हात सवयीने छातीकडे गेला, रिकामा फिरला, तसाच खाली आला. त्याच हाताने त्यांनी पाण्याची मोठी बाटली उचलली.

पायरीवर भिंगरी बुटांच्या नाड्या बांधत होती. “बाबा, चला ना!”

ते हसले, दार हलकेच ओढून घेतलं आणि तिच्यामागून दोन पावलं अंतर ठेवून स्कूटरकडे चालू लागले.