मांडीवरून गालात

मित्रांनो, मी एक जुनी कातडी आहे. माझा जन्म मांडीवरचा आणि नांदणं गालातलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण सासर-माहेर काही आपल्या हातात नसतं.

कागलजवळच्या एका खेड्यातल्या बायडाबाईच्या मांडीवर मी सुखात होते. लुगड्याआड असल्यामुळे मला ऊनसुद्धा फारसं ठाऊक नव्हतं. बायडाबाईला मिश्रीची सवय. सकाळी दात घासायच्या निमित्ताने तोंडात गेलेलं बोट लवकर बाहेर यायचं नाही. मिश्री गालात धरूनच ती शेणघाण करायची, म्हशीची धार काढायची. १९९७ साली त्याच गालात पांढरा डाग पडला आणि डागाची गाठ झाली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला. "मावशी, हे पांढरं बघा. सगळं ह्यातनंच सुरू झालंय." ते शब्द तिने पक्के ध्यानात ठेवले.

डॉक्टरांनी गाठ काढली आणि त्या उघड्या जागेवर बसवायला मांडीवरून माझी पातळ साल सोलून घेतली. टाके घातले, वरून कापसाचा बोळा बांधला. पहिले काही दिवस मी उपाशीच होते. मग गालातलं रक्त हळूहळू माझ्यात उतरलं आणि मी जगले. पण सासर भारी अवघड! सदा ओल, सदा अंधार. त्यात माझी एक खोड होती. अशी उपटून दुसरीकडे लावली की कातडी आक्रसत जाते. डॉक्टरांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा जुडगा दिला. दातांच्या फटीत रोज काड्या घालायच्या, एकेक वाढवत जायची, म्हणजे तोंड उघडं राहील.

नवरा आकाराम रोज तिच्यासमोर बसायचा. आधी स्वतःच तोंड वासून दाखवायचा आणि म्हणायचा, "आ कर की गं!" ती रडता रडता हसायची आणि आ करायची. मी ताणली जायचे, पण भाकरीचा तुकडा आत येऊ लागला होता. त्या दिवसांत मला वाटायचं, आपलं निभावेल.

धुणं धुतल्यावर तुमची बोटं कशी पांढरी पडतात? तशी मी त्या ओलीत पांढरी झाले. कातडीला हे व्हायचंच. पण बायडाबाईला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने आरशात पाहिलं आणि आरसा पालथा घातला.

"परत आलं गं बाई," ती म्हणाली.

"दवाखान्यात जाऊया की," आकाराम म्हणाला.

"मी न्हाय जात. परत कापत्यात. आता वाडीचा दत्तच काय ते बघंल."

ती नृसिंहवाडीला नवस बोलली. श्रावणापासून दत्तजयंतीपर्यंत मौन. तोंड उघडायचं ते फक्त पेजेपुरतं. काड्या चुलीत गेल्या. मित्रांनो, मी आतून किती ओरडले! अगं, मी रोग नाही, मी तुझीच मांडी आहे! पण कातडीला कुठं वाचा असते? ती श्रद्धेने तोंड मिटून बसली आणि मी अंधारात आवळत गेले. मला थांबायचं होतं. थांबता आलं नाही.

दत्तजयंतीला वाडीच्या घाटावर आकारामने प्रसादाचा पेढा तिच्या ओठांशी नेला. "फिटला नवस. बोल आता. आ कर की!"

दात उघडलेच नाहीत. पेढा ओठांवर कुस्करला आणि लुगड्यावर सांडला. फटीतून एवढंच आलं, "हलंना हो."

मग दवाखाना. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, रोग कुठं हाय? ही मांडीची कातडी हाय, वलीनं पांढरी झालीया. एक डाव दाखवायचं न्हाय व्हय?"

पुन्हा कापून तोंड मोकळं करू, असं डॉक्टर म्हणाले. बायडाबाईने नाही म्हणून मान हलवली ती हलवलीच. मग त्यांनी आकारामच्या हातात काड्यांचा नवा जुडगा तेवढा दिला.

आता त्याला बरीच वर्षं झाली. रोग काही परत आला नाही. मीही मऊ झाले, थोडी गुलाबी झाले. पण मला चव कळत नाही आणि मी सैल होत नाही. बायडाबाई पेज पिते. तिची मांडी, माझं माहेर, काडीसारखी झाली आहे.

मित्रांनो, मिश्री-तंबाखूपासून लांब राहा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझी विनवणी निराळी आहे. भीती वाटली की तोंड मिटून बसू नका. जाणत्याला दाखवा, विचारा. भ्यायचंच असेल तर विचारून मग भ्या.

आकारामचे दात आता पडले आहेत. तरी रोज संध्याकाळी तो काड्या घेऊन समोर बसतो आणि ते बोळकं वासून म्हणतो, "आ कर की गं!"

एक काडी जाते. दुसरी अडते. ती अडवणारी मीच.