घरून फोन आला तर

"तुम्हाला काही विचारायचंय आम्हाला?" मुलाखतीच्या शेवटी साहेबांनी पेनाला टोपण लावत विचारलं.

हा प्रश्न येणार हे बाईंना ठाऊक होतं. ऑफिसात नोकरी करणाऱ्या धाकट्या बहिणीने आठवडाभर घोकवून घेतलं होतं. "ताई, तिथे गप्प बसू नकोस हं. सुरुवातीला माझ्याकडून काय अपेक्षा आहे, पुढे काय शिकायला मिळेल, असं विचारायचं. नुसती मान डोलावलीस तर वाटेल, हिला कामात रसच नाही." औषधाच्या गोळ्या बाटल्यांत भरण्यात कसला रस घ्यायचा, हे मात्र तिलाही सांगता आलं नव्हतं. त्यावर दोघी हसल्या होत्या, कितीतरी दिवसांनी.

पण आयत्या वेळी तोंडून भलतंच निघालं. "इथेही मोबाइल गेटवरच ठेवायचा का?"

"अहो, आत धुळीचा कण चालत नाही, मोबाइल कुठला!"

"मग घरून फोन आला तर मला कोण सांगेल?"

"सुपरवायझर सांगतील की."

"आधीच्या कारखान्यातही असंच म्हणाले होते." बाई म्हणाल्या.

तिथे एके दिवशी काम सुटल्यावर गेटवरच्या कपाटातून मोबाइल हातात आला, तर त्यावर 'घर', 'घर', 'घर' अशी रांग लागलेली. नवऱ्याच्या छातीत कळ आली होती. त्याने कारखान्याच्या ऑफिसातही फोन केला होता. निरोप घेतला गेला, गडबडीत द्यायचा राहिला. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा उशीर झाला होता. बाई त्या वेळी मैत्रिणीशी थट्टा करत बाटल्यांना झाकणं लावत होत्या. ते हसू त्यांना अजून छळतं.

साहेबांशेजारच्या मॅडमनी हळूच विचारलं, "आता घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"मग फोन..."

"मला नाही येणार, मॅडम. पण आत एवढ्या बायका आहेत. त्यांची माणसं आहेत ना घरी."

काम मिळालं. बाई पहिल्या दिवशी आत गेल्या, तर सुपरवायझरच्या टेबलावर नवा कोरा टेलिफोन बसवलेला होता.

दुपारी तो वाजला. बाईंचे हात जागच्या जागी थांबले. वेड्या मनाला कोण समजावणार?

सुपरवायझरने पलीकडच्या मुलीला हाक मारली. "घरून आहे गं, पळ!"

मुलगी धावली. बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग तिचा ट्रे आपल्याकडे ओढला आणि तिच्या बाटल्यांना झाकणं लावायला घेतली.