बाराच्या आत

"काका, मानलं तुम्हाला," नवी ऑपरेटर खुर्चीतून उठत म्हणाली. "जन्मात कुणाची थट्टा केली नाहीत, आणि केलीत ती अशी!"

पंपकाका पंपघराच्या दारात उभे होते. अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट, हातात डबा. कालच इथे भाषणं होऊन त्यांना निरोप मिळाला होता आणि त्यांची खुर्ची या मुलीकडे गेली होती. आज एक एप्रिल, हे त्यांना तिच्या बोलण्यावरूनच कळलं. थट्टाबिट्टा त्यांच्या डोक्यातही नव्हती. सकाळी उठले, दाढी केली, डबा उचलला आणि पाय आपोआप इकडे वळले. आपण रिटायर झालोय हे ते साफ विसरले होते. पण तसं सांगायचं म्हणजे चारचौघांत शोभा.

"फसलात ना?" ते म्हणाले.

फिटर आला, वॉचमन आला, साहेबही आले, पाठीवर थापा पडल्या. चहा मागवला. साहेबांना ज्ञान वाटायची भारी हौस. या दिवसाचं मूळ नक्की कुणालाच ठाऊक नाही, पण सांगतात ते असं, ते म्हणाले: पूर्वी कुठल्याशा राजाने वर्षाचा पहिला दिवसच बदलला. काही लोक मात्र जुन्याच दिवशी नटूनथटून एकमेकांकडे जात राहिले. बाकीचे त्यांना हसायचे, खोटी आमंत्रणं धाडायचे. तेच पहिले एप्रिल फूल.

सगळे हसले.

"त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का?" काकांनी विचारलं.

"सांगितलं असेल की. पण सवय, काका," साहेब म्हणाले.

काकांचा हात एव्हाना दोन नंबरच्या पंपाच्या बेअरिंगवर गेला होता. ते गरम होतंय का, हे ते सारी नोकरी असंच हाताने बघत आले होते.

"काका, थट्टा बाराच्या आत आटपायची असते," ऑपरेटर हसत म्हणाली. "नंतर करणाराच मूर्ख ठरतो."

त्यांनी हात काढून घेतला. त्यांना फार वाईट वाटलं. मग सगळ्यांना हात करून ते निघाले.

घरी बायकोने काय झालं म्हणून विचारलं. सगळे कसे फसले ते त्यांनी रंगवून सांगितलं. ती ऐकत राहिली, हसली मात्र नाही. हातपाय धुऊन ते जेवायला बसले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

"थट्टा नव्हती ती," ते म्हणाले. "मी विसरलोच होतो."

"ठाऊक आहे. अहो, सवयीने डबा कुणी भरून दिला?"

तिने दोन ताटं घेतली आणि एकाचा डबा दोघांत वाढला.