खिशातला फ्यूज

"अहो, हा फ्यूज धुऊन देऊ, की नुसताच इस्त्री करून देऊ?"

कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी ह्यांच्या शर्टाचा खिसा चाचपायचा, ही माझी लग्नापासूनची सवय. त्या खिशातून आजवर स्क्रू निघाले, चिकटपट्ट्या निघाल्या. एकदा उंदराने कुरतडलेल्या वायरीचा तुकडा निघाला, तोही गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून दाखवायला जपून ठेवलेला. पण फ्यूज कधीच निघाला नव्हता.

हे आरशासमोर उभे होते. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर अजून फेस होता. माझ्या तळहातावरचा तो बोटभर लांबीचा तुकडा त्यांनी पाहिला. मधे छोटी काचेची खिडकी, दोन टोकांना धातूचे दोन कान, वर छापलेला साठचा आकडा. त्यांनी रेझर खाली ठेवलं.

"कुठल्या शर्टात होता?"

"कालच्या."

"नक्की कालच्याच?"

"कामाचे शर्ट दोनच. चुकायला जागा कुठे ठेवलीय तुम्ही?"

एरवी ह्यावर हे हसले असते. आज टॉवेलने फेस पुसून सरळ स्कूटरची चावी शोधायला लागले. रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता चावी शोधणारा माणूस हा नव्हे, म्हणून मीही कपडे तसेच टाकले.

आमच्या दुकानाचे दोन भाग आहेत. पुढे मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. मागे हे आणि माझा धाकटा भाऊ गाड्यांना स्पीकर बसवतात. भावाला अख्खा बाजार ढोल्या म्हणतो. अंगाने तसा आहे आणि आवाजाचाही शौकीन. साधे स्पीकर कुणीही बसवून देतं. आमच्याकडे लोक येतात ते सबवूफरसाठी, म्हणजे डिकीतल्या त्या मोठ्या खोक्यासाठी. तो वाजला की गाणं कानात कमी आणि छातीत जास्त ऐकू येतं. त्याला ताकद पुरवतो ॲम्प्लिफायर, आणि ॲम्प्लिफायर ती ओढतो थेट बॅटरीतून. म्हणून पुढच्या बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत करंगळीएवढी जाड वायर न्यावी लागते.

ह्या वायरीबद्दल हे प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगतात. "ही कुठे घासली, सोलली आणि पत्र्याला टेकली, तर गाडीत शेगडी पेटली समजा." त्यावरचा उपाय म्हणजे फ्यूज. वायरीतून बेताबाहेर वीज धावली की आधी तो वितळतो आणि पुढचा रस्ता बंद करतो. तो बॅटरीपासून वीतभराच्या आतच हवा. लांब बसवला तर मधली वायर वाऱ्यावर सोडल्यासारखी. हे पट्टीने मोजत नाहीत, स्वतःची वीत लावून बघतात.

आणि त्यांचा एक नेम आहे. काम चालू असताना बॅटरीचं उणे टोक काढून ठेवलेलं असतंच, तरीही फ्यूज गाडीत राहत नाही. तो ह्यांच्या खिशात राहतो. वायर पत्र्यातून जिथे आरपार जाते तिथे रबराची कडी बसली, रंग खरवडून अर्थिंगची तार उघड्या पत्र्यावर घट्ट झाली, खोक्याचा भार ॲम्प्लिफायरला झेपतोय हे मीटरवर दिसलं, की मगच खिशातला फ्यूज बाहेर निघतो. तो हे स्वतः बसवतात. वीस वर्षांत दुसऱ्या कुणी बसवलेला नाही.

वीस वर्षं म्हणायचं कारण, त्याआधी आमच्या दुकानातून गेलेली एक गाडी जळता जळता वाचली होती. फ्यूज संपले होते म्हणून ह्यांनी त्या जागी तांब्याची तार पिळून घातली, तात्पुरती, आणि काढायची विसरले. वायर सीटखाली चेपली गेली आणि गाडीतला गालिचा धुमसला. मालक वेळीच बाहेर पडला. ह्यांनी बाजारात सगळ्यांदेखत हात जोडून चूक कबूल केली. नवा गालिचा मीच बेतून दिला. तेव्हापासून ह्यांनी मला काही शिकवायला घेतलं की माझं उत्तर ठरलेलं, "आधी गालिचा आठवा." त्यावर हे कधीच उलटून बोलले नाहीत. माझाही टोमणा त्यामुळे गंजला नाही.

"फ्यूज खिशात राहिला तर काल खोका बसवून नेलेली पोस्टमास्तरांची गाडी वाजणार नाही, एवढंच ना?" मी पायात चप्पल सरकवत विचारलं. "उद्या बसवा."

"वाजतेय. काल आठ वाजता फोन केला होता मी. झकास वाजतंय म्हणाले."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फ्यूज इथे आणि गाडी तिथे वाजतेय, म्हणजे त्या जागी दुसरंच काहीतरी बसलंय.

"ढोल्यानेच घातली असणार तार," हे म्हणाले. "बॉनेट त्यानेच लावलं. आणि मास्तर-मास्तरीणबाई आज नऊला निघणार. लेकीकडे. पाच तासांचा रस्ता."

भावाचं नाव आलं की माझं माहेर जागं होतं. "माझ्या भावाला कशाला मधे ओढता? तार घालून गालिचा जाळला तो तुम्ही. त्याने नाही."

ह्यांनी हेल्मेट घातलं आणि माझं माझ्या हातात दिलं.

ढोल्याचा फोन लागेना. रविवारी तो बंधाऱ्यावर गळ टाकून बसतो, तिथे रेंज पोचत नाही. मास्तरांचा फोन वाजून वाजून बंद पडला. घर मात्र मला माहीत होतं. मास्तरीणबाईंच्या पाठीसाठी उशी शिवून मी स्वतः नेऊन दिली होती. बाई कानाने अगदी कमी ऐकतात. दुकानात आल्या तेव्हा चालू खोक्यावर तळहात ठेवून डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या होत्या, "बारा वर्षांनी गाणं भेटलं हो." मास्तरांनी त्याच क्षणी खोका घ्यायचं ठरवलं.

स्कूटरवर मागे बसून मी फ्यूज मुठीत घट्ट धरला होता. हे कधी नव्हे ते पिवळ्या दिव्यात घुसले. मला त्या उशीवर टेकलेली बाईंची पाठ दिसत होती आणि तिच्या खालून जाणारी वायर. आणि खरं सांगायचं तर दुसरीही भीती होती. ढोल्याने खरंच तार घातली असेल तर हे त्याला दुकानात ठेवणार नाहीत. मग मी कुणाच्या बाजूने उभी राहू? दोन माणसं मला सारखीच. एकाला मी वाढवलंय, आणि दुसऱ्याने आम्हा दोघांना सांभाळलंय.

गाडी फाटकाबाहेरच उभी होती. इंजिन चालू, मागची काच थरथरतेय. मास्तर आरसा पुसत होते.

"बंद करा!" हे स्कूटर स्टँडवर न लावताच ओरडले. स्कूटर मी सावरली. "मास्तर, गाडी बंद करा आणि बाईंना बाहेर घ्या!"

मास्तरांनी घाबरून गाडी बंद केली. बाईंना ऐकू आलं नसावं, पण खोका थांबल्याबरोबर त्यांनी डोळे उघडले. "का बंद केलंत? छान चाललं होतं."

ह्यांनी बॉनेट उघडलं. मी शेजारी जाऊन वाकले. ह्यांनी फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं.

आत फ्यूज होता. कोरा, खिडकीचा, साठचा.

ह्यांनी वीत लावून पाहिली. अंगठा बॅटरीवर आणि करंगळी डबीच्या पुढे गेली. पाना काढून दोन्ही स्क्रू तपासले, एकही तसूभर फिरला नाही. रबराची कडी ओढून पाहिली. उगाचच सगळी वायर बोटांनी चाचपली. कुठेच काही करायला शिल्लक नव्हतं.

"हा कुणी बसवला?"

मास्तर आरसा पुसायचं फडकं दोन्ही हातांत पिळायला लागले. आयुष्यभर लोकांची पत्रं सांभाळलेला माणूस, पण चेहऱ्याचं पाकीट कायम उघडं. "त्याने सांगू नका म्हणून बजावलंय."

"कुणी?"

"तुमच्या मेहुण्याने. काल घरी येताना दारातले स्पीकर वाजत होते, म्हणून मला काही कळलं नाही. ही म्हणाली, खोका गप्प आहे. दुकानात फोन केला, तो त्याने उचलला. अर्ध्या तासात मोटरसायकलवरून हजर. म्हणाला, दाजींना यातलं काही कळू देऊ नका. मी कुठे कळू दिलं? तुमचा फोन आला तेव्हा नुसतं झकास म्हणालो."

"आत्ता सांगितलंत की सगळं," बाई म्हणाल्या. नवऱ्याच्या ओठांवरून त्यांना सगळं कळतं.

ह्यांनी बॉनेट हलक्या हाताने लावलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं होतं, सुटलो म्हणून मोठा श्वास घेतील. ते फक्त म्हणाले, "म्हणजे मीच विसरलो."

मास्तरांनी गाणं पुन्हा लावलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तिचा ठोका थोडा वेळ येत राहिला. बाईंनी मागच्या काचेतून हात हलवला होता. ह्यांनीही हलवला, जरा उशिरा.

बंधाऱ्यावर ढोल्या दगडावर ऐसपैस बसला होता. आम्हाला बघून त्याने गळ बाजूला ठेवला. "काय हो दाजी, अर्धीच दाढी? आरसा फुटला की काय?"

हे त्याच्या शेजारी बसले. मी उभी राहिले. ह्यांनी माझ्या मुठीतला फ्यूज घेतला आणि दोघांच्या मधे दगडावर ठेवला. ढोल्याचं हसू हळूहळू मावळलं.

"किती वेळा झालं हे?" ह्यांनी विचारलं.

"काय किती वेळा?"

"ढोल्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय मदत करणार? मलाच उत्तर हवं होतं.

"ही तिसरी," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "मागच्या दोन वेळा गाडी दुकानातच होती. तुम्ही जेवायला गेलात की मी झाकण उघडून बघायचो. नसला तर बसवायचो. संध्याकाळी तुमचा शर्ट खुंटीवर असला की खिशातला काढून डब्यात टाकायचो. काल तुम्ही शर्ट घालूनच गेलात घरी."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कुठे सांगितलं होतंत?"

मी म्हटलं, "काय सांगितलं नव्हतं?"

"जाऊ दे," हे म्हणाले.

"नाही दाजी, वीस वर्षं झाली आता. ताई, तो गालिचा मी जाळला. ती तार माझी होती. एकोणीस वर्षांचा होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं. दाजींनी बाजारात सगळ्यांसमोर स्वतःचं नाव सांगितलं. मला म्हणाले, तुझं नाव आत्ताच खराब झालं तर तुझ्या हातात कुणी गाडी देणार नाही. माझ्या हातात देतील."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते गळाच्या दोरीचा गुंता सोडवत होते. एकच गाल गुळगुळीत असलेला हा माणूस वीस वर्षं माझे टोमणे ऐकून घेत होता, आणि आज सकाळीही त्याने नुसतं हेल्मेट घातलं होतं. मला एवढी लाज वाटली की बसावंच लागलं.

"मला तरी सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला बोलली असतीस. मला बोलतेस ते सवयीचं आहे."

ढोल्या फस्सकन हसला. मग हेही हसले, आणि मी रडत होते तरी मलाही हसू आलं.

हसून झाल्यावर ह्यांनी दगडावरचा फ्यूज उचलला. खिडकीतून आरपार बघितलं, कानांवरची धूळ पुसली आणि ढोल्यापुढे धरला. "उद्यापासून हा तुझ्या खिशात. झाकण मी बघेन, पण बसवशील तू."

"दाजी, असं काय करता? एखाद वेळेस होतं."

"एखाद वेळेस गाडी जळते," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. "धर."

ढोल्याने दोन्ही हातांनी घेतला. मग छातीवर हात फिरवला आणि ओशाळला. त्याच्या बनियनवजा शर्टांना खिसेच नसतात. वीस वर्षांत खिसा लागलाच नव्हता.

दुपारी मी दुकान उघडलं. मास्तरीणबाईंच्या उशीचं काळं रेक्झीन उरलं होतं. ह्यांच्या शर्टाचा खिसा मापाला घेतला आणि तेवढाच खिसा ढोल्याच्या कामाच्या ॲप्रनवर शिवला, दुहेरी टाक्याने, वर झाकण आणि बटण. हे शेजारी बसून दोरा कापून देत होते. दुसरा गाल अजून तसाच होता. बटण लावून झाल्यावर त्यांनी ते तीनदा उघडून, मिटून पाहिलं.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी शर्ट काढून दिला. मी सवयीने खिसा चाचपला. आत काही नव्हतं. तरी मी तो उलटा केला, कोपऱ्यातली धूळ झटकली आणि शर्ट धुवायला टाकला.